सकाळी नऊला तीन वाजतात!

पनवेलच्या माणसाला वेळेचं महत्त्व शिकवायला जाऊ नये. हार्बरची एक लोकल चुकली की पुढचा सगळा दिवस कसा घसरत जातो, हे तो शाळेत असल्यापासून बघत असतो. जिना उतरता उतरता इंडिकेटरकडे पाहून "दोन मिनिटं आहेत, मिळेल" असं म्हणणारी आमची जात. त्यामुळे दार-एस-सलामला कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी सहा तास उशिरा पोहोचलो, हे घरी कबूल करायला मला तीन महिने लागले.

पॅकिंगची मशीनं बसवायच्या कामावर मी टांझानियात गेलो होतो. विमानात बसल्या बसल्या स्वाहिली भाषेतले एक ते दहा आकडे पाठ केले. मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता, सबा, नाने, तिसा, कुमी. ज्या भाषेत मोजायची सुरुवातच 'मोजा' म्हणून होते, ती भाषा आपल्याला सहज येणार, असं मला वाटून गेलं. फोरमन इंग्रजी छान बोलायचा. पण नव्या शिकाऊचा उत्साह दांडगा, म्हणून "उद्या किती वाजता?" हे मी त्याला स्वाहिलीतून विचारलं. तो खूश झाला आणि त्यानेही स्वाहिलीतूनच सांगितलं, "सा तातू." सा म्हणजे तास, तातू म्हणजे तीन. प्रश्नच मिटला.

दुसऱ्या दिवशी सावकाश जेवून, शर्टाला इस्त्री करून, तीनला दहा कमी असताना मी गेटवर हजर. आत माणसं हातपाय धूत होती. भाड्याने आणलेली क्रेन दुपारपर्यंत वाट बघून परत गेली होती. फोरमन चिडला नाही. त्याने आपलं मनगटी घड्याळ माझ्यापुढे धरलं, नवाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे बघ. हे तीन."

शून्य कुठे ठेवायचं?

पनवेलचा मैलाचा दगड मुंबईपासून मोजला तर एक आकडा दाखवेल, पुण्यापासून मोजला तर दुसरा. पनवेल जागचं हलत नाही, फक्त मोजायला सुरुवात कुठून केली ते बदलतं. स्वाहिली घड्याळाचं नेमकं हेच आहे. आपण दिवसाचं शून्य मध्यरात्री ठेवतो, म्हणजे गाढ झोपेत. स्वाहिली बोलणारे ते सकाळी सहाला ठेवतात, म्हणजे उजाडताना. उजाडून एक तास झाला की 'सा मोजा', एक वाजला. आपले तेव्हा सात वाजलेले असतात. आपले नऊ ते त्यांचे तीन, आपले दुपारचे बारा ते त्यांचे सहा. संध्याकाळी सहाला बारा वाजतात आणि रात्रीची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. मध्यरात्री पुन्हा सहा.

गंमत म्हणजे घड्याळं मात्र जगभर असतात तशीच. भिंतीवर काटा नवावर असतो आणि माणूस तोंडाने 'तीन' म्हणतो. इंग्रजीत बोलला तर तोच माणूस त्याच काट्याकडे बघून 'नाईन' म्हणतो. म्हणजे वेळ घड्याळावर नव्हे, तर कोणत्या भाषेत बोलताय त्यावर ठरते. मी इंग्रजीत विचारलं असतं तर क्रेन परत गेली नसती.

आता प्रश्न असा की हे तिथेच का जमतं? यासाठी एक कलिंगड घ्या. त्याच्या पोटाला मधोमध दोरा बांधा, आणि देठाकडच्या बाजूला थोडं वर दुसरा. आता कलिंगड बरोबर मध्यातून, पण तिरकं कापा. पोटावरचा दोरा कसाही कापलात तरी निम्मा-निम्माच होईल. देठाकडच्या दोऱ्याचा मात्र एक तुकडा मोठा, एक लहान. पृथ्वीवर उजेड आणि अंधार यांची सीमा म्हणजे हा काप, आणि पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे वर्षभर तो कमी-जास्त तिरका पडत राहतो. पोटावरचा दोरा म्हणजे विषुववृत्त. तिथे बाराही महिने बारा तास दिवस आणि बारा तास रात्र. आपण वरच्या दोऱ्यावर राहतो.

पनवेल सुमारे 19 अंश उत्तरेला आहे. इथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस यांत जवळजवळ सव्वादोन तासांचा फरक पडतो. दार-एस-सलाम विषुववृत्ताच्या जेमतेम सात अंश दक्षिणेला, तिथे हाच फरक पाऊण तासाचा. नैरोबीत तर नऊ-दहा मिनिटांचा. दारमध्ये सूर्य वर्षभर साधारण सहा ते साडेसहाच्या सुमारास उगवतो. सूर्यच असा ड्यूटीवर वेळेत येणारा असेल, तर त्याच्या हजेरीपासूनच दिवस मोजणं सोपं. आजची मोजणी प्रत्यक्ष सूर्याकडे बघून होत नाही, सहा तासांचा फरक कायमचा ठरलेला आहे. पण तो ठरला या सवयीतून.

आणि आपणही फार वेगळे नव्हतो. पंचांगातला दिवस मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला सुरू होतो. 60 घटकांचा दिवस, 24 मिनिटांची एक घटका. लग्नात पाण्यावर ठेवलेलं भोकाचं घटिकापात्र भरून बुडायला लागायची ती हीच घटका. 'तिसरा प्रहर' म्हणताना आपण रात्री बारापासून मोजत नाही. जुन्या रोममध्येही तास उजाडल्यापासूनच मोजत. स्पेनमधल्या दुपारच्या झोपेला 'सिएस्ता' म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या 'सहावा तास' यावरून आला. सहावा म्हणजे दुपारी बाराचा. स्वाहिलीत दुपारी बाराला 'सा सिता' म्हणतात, तेही सहाच. जगातल्या बऱ्याच लोकांनी कधी ना कधी उजाडल्यापासून तास मोजले. यंत्राचं घड्याळ आल्यावर बाकीच्यांनी हळूहळू ते सोडून दिलं, एवढंच.

चौकट : स्वाहिली घड्याळ वाचायची युक्ती

तासकाटा ज्या आकड्यावर आहे, त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. नवासमोर तीन, दहासमोर चार, अकरासमोर पाच. मिनिटकाट्याला हात लावू नका, मिनिटं आपलीच.

आपल्या सव्वा, साडे, पावणे यांना तिथेही सख्खी भावंडं आहेत. 'ना रोबो' म्हणजे सव्वा, 'ना नुसू' म्हणजे साडे, आणि 'कासोरोबो' म्हणजे पाव कमी, अर्थात पावणे. 'सा तातू कासोरोबो' : पावणेतीन, म्हणजे आपले पावणेनऊ.

सकाळसाठी 'असुबुही', दुपारसाठी 'म्चाना', संध्याकाळसाठी 'जिओनी', रात्रीसाठी 'उसिकू'. यांतला योग्य शब्द जोडल्याशिवाय कोणालाही वेळ देऊ नये. हा धडा अनुभवाचा आहे.

आठवड्यात दोन 'पाचवे'

घड्याळ जमलं तर वारांनी पकडलं. जुमामोसी, जुमापिली, जुमातातू, जुमान्ने, जुमातानो. शब्दांतच आकडे आहेत, पहिला ते पाचवा. मी जुमामोसी म्हणजे सोमवार धरून चाललो. तो निघाला शनिवार! मुसलमानी प्रार्थनेचा शुक्रवार संपला की त्यांचा आठवडा सुरू, म्हणून शनिवार पहिला आणि बुधवार पाचवा. पुढचा गुरुवार सहावा असायला हवा ना? तो आहे 'अल्हामिसी', आणि या अरबी शब्दाचा अर्थसुद्धा 'पाचवा'च, कारण अरबी मोजणी रविवारपासून सुरू होते. दोन मोजपट्ट्या एकाच आठवड्यात शिवल्या आहेत, आणि कोणालाही टोचत नाहीत.

इथिओपियात तर यावर कडी. तिथेही घड्याळ उजाडल्यापासून, शिवाय महिने तेरा आणि साल आपल्या इंग्रजी सालापेक्षा सात-आठ वर्षं मागे. त्यांनी 2000 साल साजरं केलं ते 12 सप्टेंबर 2007 रोजी. यावर हसण्याआधी एकदा आपली लग्नपत्रिका बघावी. तिच्यावर शके असतं आणि ते 78 वर्षं मागे असतं.

मी काका, बायको दादा

सहा महिन्यांनी बायको आली. तिला घेऊन करियाकूच्या बाजारात गेलो. (हे नाव अस्सल आफ्रिकी वाटतं, पण पहिल्या महायुद्धात ओझी वाहणाऱ्यांची इंग्रजांची 'कॅरिअर कोअर' नावाची पलटण होती, तिच्यावरून ते पडलं.) भाजीवाल्या पोराने मला हाक मारली, "काका!" मी तेव्हा तिशीतला. केसांवरून हात फिरवला. मग तो बायकोकडे वळून अदबीने म्हणाला, "दादा, करिबू." शेजारच्या टोपलीवाल्या बाईला तो मामा म्हणत होता.

"तू काका, मी दादा आणि ती बाई मामा," बायको म्हणाली. "आईंना फोन करून सांगते, इथे येऊन काय काय झालं आपलं."

स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण, मामा म्हणजे आई. बाबा तेवढा बाबाच. चारांतला एक जुळला. आता हे आपल्याकडून तिकडे गेलेले शब्द असावेत, असं कोणालाही वाटेल. तसं असतं तर अर्थ असे उलटेपालटे झाले नसते. खरं कारण बहुधा पाळण्यात आहे.

तान्ह्या बाळाला कोणते आवाज आधी जमतात? ओठ मिटून उघडले की म, ब, प. जीभ दातांमागे टेकवली की द, त, न, आणि थोडं मागे क. बाळ एकदा म्हणून थांबत नाही, म्हणून मामा, बाबा, दादा, काका, नाना. रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 साली या प्रश्नावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की दूध पिताना बाळाचं तोंड बंद असतं, तेव्हा फक्त नाकातून 'म्म' असा आवाज निघतो. पुढे भूक लागली की तेच 'म्म' ते करतं. म्हणून जगातल्या कितीतरी भाषांत आईच्या नावात 'म' आहे. बाळाच्या मनात नातंबितं काही नसतं, ते फक्त आवाज करत असतं. तो आवाज कोणाच्या नावावर टाकायचा, हे भोवतीची मोठी माणसं ठरवतात. आजूबाजूला आई, आजी, आत्या, काका सगळे "मला म्हणाला, मला म्हणाला" करत असतात. मराठीने 'मामा' आईच्या भावाला देऊन टाकला. जॉर्जियन भाषेने तर कमाल केली. तिथे 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई!

शब्दांची वाटणी वेगळी, पण ते वापरायची रीत हुबेहूब आपली. पनवेलच्या एसटी स्टँडवर कंडक्टर दादा असतो, भाजीवाली मावशी असते, कोणीच नुसतं गिऱ्हाईक नसतं. तिथेही तसंच. आपल्याकडे 'बंड्याची आई' तशी तिथे 'मामा अमुक', म्हणजे थोरल्या मुलाच्या नावाची आई. पुढे आमच्या घरात ही नावं राहूनच गेली. अजूनही बायकोला चहा हवा असला की ती मला 'काका' म्हणते आणि माझे इथले मित्र गोंधळतात.

धूर कोणी पाहिला, आग कोणी

खरोखरच आपल्याकडून गेलेले शब्दही आहेत. पैशाला पेसा, गाडीला गारी, चपातीला चपाती, चिठ्ठीवरून प्रमाणपत्राला चेती. घरमालकाने पहिल्या दिवशी भाडं सांगितलं, "लाकी तानो." पाच लाख! मी खुर्ची धरली. नंतर कळलं की तेव्हा रुपयाला साधारण तीसेक शिलिंग मिळत. पण लाखात मोजणारा माणूस परदेशात भेटला याचंच बरं वाटलं. सगळं जग मिलियनमध्ये बोलत असताना हा आपल्या आळीतला वाटला.

ही देवघेव वाऱ्याने केली. ईशान्येचा वारा सुटला की कच्छ-काठेवाडपासून कोकणापर्यंतची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने परत फिरत. या दोन वाऱ्यांना स्वाहिलीत कास्काझी आणि कुसी म्हणतात आणि त्यांच्यावरूनच उत्तर-दक्षिण या दिशांची नावं आहेत. वाट दुतर्फा होती. आमच्याच रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याला सिद्दी राज्य करत होते, त्यांचं मूळ आफ्रिकेतलं. मलिक अंबर इथिओपियातला. 1920 सालापर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत चलनच आपल्या रुपयाचं होतं. मराठी माणूस मात्र तिकडे उशिरा आणि थोडा गेला, बहुतेक नोकरीसाठी. दुकानदारी त्याने गुजराती बंधूंवर सोडली. औंधचे आप्पासाहेब पंत 1948 साली भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आता नैरोबी आणि दार या दोन्हीकडे महाराष्ट्र मंडळं आहेत, आणि मोदकांवरून वाद तिथेही होतात.

सगळ्यांत मला आवडलेला शब्द 'गारी ला मोशी'. धुराची गाडी, म्हणजे रेल्वे. आपण तिला आगगाडी म्हणालो. एकच इंजिन. आपण त्याचं पोट पाहिलं, त्यांनी नळकांडं.

सावधही राहावं लागतं. सिंहाला 'सिंबा' म्हणतात हे ऐकून आमच्या एका सहकाऱ्याने संस्कृत तिकडे कसं पोहोचलं यावर तासभर ऐकवलं. सिंबा हा तिथल्या बांटू भाषांचा जुना, घरचाच शब्द आहे. सारखे चेहरे दिसले म्हणून नातेवाईक ठरत नाहीत.

मका हिंदी कसा झाला?

ऑफिसबाहेर एक माणूस रोज ओरडायचा, "माहिंदी! माहिंदी!" स्वाहिलीत भारतीय माणसाला म्हिंदी म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, हा रोज मलाच बघून ओरडतो. चौथ्या दिवशी खिडकीतून डोकावलो. कोळशावर कणसं भाजून, लिंबू-तिखट चोळून तो विकत होता. अगदी आपल्याकडे कर्नाळ्याच्या रस्त्याला पावसाळ्यात मिळतात तशी.

हे समजायला स्वाहिलीचा एक नियम पुरतो. मराठी शब्दाला शेपूट लावते. पनवेल, पनवेलचा, पनवेलकर. स्वाहिली डोक्यावर टोपी घालते. गाभा 'हिंदी'. त्याला 'म' ची टोपी घातली की एक माणूस, म्हिंदी. 'वा' घातली की अनेक माणसं, वाहिंदी. 'कि' घातली की भाषा, किहिंदी. म्हणूनच स्वाहिली लोक आपल्या भाषेला किस्वाहिली म्हणतात. आणि 'मा' ही फळं-दाणे अशा गोष्टींच्या अनेकवचनाची टोपी. माहिंदी म्हणजे 'हिंदुस्थानी दाणे', म्हणजेच मका.

मका मूळचा मेक्सिकोकडचा. भारताचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण जे पीक बाहेरून येतं, त्याला लोक आपल्याला ठाऊक असलेल्या एखाद्या लांबच्या मुलखाचं नाव चिकटवतात. इटालियन माणूस मक्याला 'तुर्की धान्य' म्हणतो. तुर्क त्याला 'मिसिर' म्हणतो, म्हणजे इजिप्त. इजिप्तमध्ये त्याचं नाव आहे 'सीरियाची ज्वारी'. आणि स्वाहिली बोलणारा म्हणतो हिंदुस्थानी. पोर कोणाचं, हे विचारल्यावर प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवावं तसं. आपणही यात आहोत. मेक्सिकोकडूनच आलेल्या झाडाला आपण 'विलायती चिंच' म्हणतो. आणि गंमत पुढेच आहे : स्वाहिलीत युरोपला 'उलाया' म्हणतात, तो अरबीतला तोच शब्द ज्याची आपण विलायत केली.

पोले, करिबू, शिकामू

क्रेन परत गेली त्या दिवशी फोरमन 'पोले' म्हणाला होता. मी ते 'सॉरी' समजून, चूक त्याची असल्याच्या थाटात मान डोलावली होती. मग पाहिलं तर मला ठेच लागली तरी पोले, ताप आला तरी पोले, नुसतं खूप काम करताना दिसलो तरी पोले. यात माफी नाही. "अरेरे, त्रास झाला ना तुला" एवढाच अर्थ. सहा तास उशीर करून वर मीच सहानुभूती घेऊन आलो होतो.

करिबूचा अर्थ मात्र विचारावा लागला नाही. कोणी डबा उघडला आणि समोर माणूस दिसला की 'करिबू', या जवळ. घेतलंच पाहिजे असं नाही. आपलं "या जेवायला" आणि त्यावरचं "चालू द्या, चालू द्या" पाठ असलेल्याला हे शिकवायला लागत नाही. आणि लहानाने मोठ्याला करायचा नमस्कार, 'शिकामू', याचा मूळ अर्थ 'पाय धरतो' असा सांगतात. आपलं 'पाया पडतो'. गेटवरच्या वॉचमनचा मुलगा मला पहिल्यांदा शिकामू म्हणाला, तेव्हा मी इतका खूश झालो की घरी येऊन बायकोला सांगितलं. "म्हणजे आता खरोखरचा काका झालास," ती म्हणाली.

परत आल्यावर एकदा आईच्या कपाटातून माझी जन्मपत्रिका निघाली. पिवळी पडलेली, कडेला हळदीचं बोट. जोशीबुवांच्या अक्षरात इष्ट घटी 7, पळे 30. इष्ट घटी म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंत गेलेला वेळ. साडेसात गुणिले चोवीस, एकशे ऐंशी मिनिटं. आई म्हणते मी सकाळी दहाला झालो. डिसेंबरातला जन्म, पनवेलला तेव्हा उजाडायलाच सात वाजतात, म्हणजे हिशेब बरोबर. उजाडून तीन तास. सा तातू.

फोरमनला फोन लावला आणि हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"जन्माला बरोबर वेळेत आलास," तो म्हणाला. "मग कामालाच काय झालं होतं?"